तीनचा मिस कॉल

पहाटे तीन ते साडेतीन ही माझी पाळी. मी ती मागून घेतली नव्हती. ताईने शाळेच्या जुन्या वहीत अठ्ठेचाळीस रकाने आखले, लोकांनी फोनवरून आपापल्या सोयीचे अर्धे तास सांगितले, आणि कुणालाच नको असलेले जे दोन-तीन रकाने उरले त्यातला एक घरचा माणूस म्हणून माझ्या गळ्यात पडला. मे २०२१. पप्पा आयसीयूत होते आणि आमच्या चर्चच्या मंडळीने साखळी प्रार्थना धरली होती.

साखळी प्रार्थना म्हणजे चोवीस तास प्रार्थनेत खंड पडू द्यायचा नाही. पूर्वी हे चर्चमध्येच चालायचं. एकजण गुडघ्यावरून उठायचा, दुसरा त्याच जागी टेकायचा. लहानपणी एकदा रात्री पप्पांबरोबर गेलो होतो, तेव्हा बाकावर झोप काढली एवढंच आठवतं. आता चर्चला कुलूप होतं, म्हणून ताईने युक्ती काढली. ज्याची पाळी संपली त्याने पुढच्याला मिस कॉल द्यायचा. उचलायचा नाही, बोलायचं नाही. फोन दोनदा वाजून बंद झाला की समजायचं, आता आपण.

माझ्या आधीची, अडीच ते तीनची पाळी काकांची. काका म्हणजे नात्याने कुणी नव्हेत. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एकाच फौंड्रीत पप्पा आणि ते तीस वर्षं शेजारी-शेजारी उभे राहिले, दोघेही मोल्डर, वाळूचे साचे करणारे. पप्पा मराठी, काका कानडी. आमच्या चर्चमध्ये सकाळी आधी कानडी उपासना होते, मग मराठी, आणि ह्या दोघांची गाठ नेमकी मधल्या पंधरा मिनिटांत, चपला काढायच्या जागी. सीमाप्रश्नावर दोघांची मतं काय होती ते मला पक्कं ठाऊक आहे, पण त्यावर ते एकमेकांशी कधी बोलल्याचं मी ऐकलेलं नाही. डब्यातली भाकरी मात्र रोज अर्धी-अर्धी.

३ मेला, सोमवारी, पप्पांना ताप आला. त्याआधीच्या महिन्यात बेळगावात लोकसभेची पोटनिवडणूक झाली होती, तीही कोरोनानेच गेलेल्या खासदारांच्या जागेसाठी. गर्दी झाली, सभा झाल्या. मतदान १७ एप्रिलला, आणि २७ एप्रिलच्या रात्रीपासून कर्नाटकात सगळं बंद. गुरुवारी ऑक्सिमीटरवर शहाऐंशी आकडा दिसला. सीटी स्कॅनचा स्कोअर पंचवीसपैकी सोळा. आयुष्यभर वाळू आणि काजळी छातीत घेतलेला माणूस, डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरली आणि नुसतं “हं” केलं.

त्या दिवशी मी प्रार्थना वगैरे काही केली नाही, खोटं कशाला सांगू. मी फोन केले. बेड आहे का, ऑक्सिजन आहे का, किती वेळ पुरेल. चर्चच्या पाळकसाहेबांना फोन केला तोही प्रार्थनेसाठी नव्हे, त्यांची ओळख कुठे आहे का विचारायला. ते म्हणाले, “तू त्या बाजूचे दवाखाने बघ, मी ह्या बाजूचे बघतो.” दुपारी तीनला बेड मिळाला तो त्यांनी लावलेल्या फोनमुळे. गाडीत पप्पांना बसवताना मी त्यांना म्हटलं, साहेब, प्रार्थना करायची राहिली. त्यांनी बायबलमधल्या नहेम्याची आठवण करून दिली. यरुशलेमची भिंत बांधताना शत्रू चालून येणार असं कळलं, तेव्हा त्या लोकांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला. “दोन्ही एकाच वचनात आहे,” साहेब म्हणाले. “आज तू पहाऱ्यावर होतास.”

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथले लोक झोपेविना राबत होते आणि तरीही तिथे जे काही आम्ही पाहिलं ते कुणी पाहू नये. आत सोडत नव्हते. समोर फुटपाथवर गुलमोहराखाली नातेवाइकांचा तळ पडलेला. संध्याकाळी वळीव आला की सगळे एटीएमच्या खोलीत घुसायचे, त्या काळात, अंतर ठेवायचं सोडून. घरून आणलेल्या डब्यावर पांढरी चिकटपट्टी लावायची, तिच्यावर नाव आणि बेड नंबर लिहायचा, वॉर्डबॉय आत न्यायचा. डबे परत यायचे त्यात आदलाबदल हमखास. काकाही तिथेच भेटले, शनिवारी. काकू दुसऱ्या मजल्यावर होत्या, बेड १४. काकांनी मास्कच्या आतूनच “सलाम” म्हटलं आणि माझ्या शेजारी कठड्यावर बसले. मग बराच वेळ आम्ही दोघं डबे मोजत बसलो.

१० मेला पप्पांना आयसीयूत हलवलं. नाकावर मास्क, पालथं झोपवलेलं. संमतीपत्र कानडीत होतं. वाचता येतं मला, पण त्या दिवशी एकेक अक्षर लावत गेलो, पहिलीतल्या पोरासारखा. खाली सही केली. मग गुलमोहराखाली येऊन पहिल्यांदा प्रार्थना केली, आणि ती अशी होती: पप्पांना वाचव, मी दर रविवारी येईन. मी नाताळ-ईस्टरचा ख्रिस्ती, हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं, देवालाही असणारच. दुसऱ्या दिवशी भाव वाढवला. दर रविवारी येईन आणि दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, देईन. रविवार पेठेत तूरडाळीचा दर करावा तशी माझी घासाघीस चालली होती. समोरून मात्र कुणी “बरं, परवडत नाही पण घ्या” असं म्हणत नव्हतं.

ह्याच दिवसांत एक फोन आला. कुणीतरी नंबर दिला होता, कुठल्याशा सेवाकार्याचे प्रचारक. मोठ्या आवाजात प्रार्थना केली, रोगाला आज्ञा सोडली, आणि मग म्हणाले की बरं होणं अडलंय, घरात कुणाचं तरी न कबूल केलेलं पाप आहे किंवा विश्वास कमी पडतोय. अमुक इतकं बीज पेरा, म्हणजे पैसे पाठवा. फोन स्पीकरवर होता. आई भांडी घासत होती, हात न पुसताच आली आणि बोटाने फोन बंद केला. स्क्रीनवर साबणाचा फेस. “आंधळ्याचं विचारलं तेव्हा येशू काय म्हणाला?” तिने मला विचारलं, मी जणू संडे स्कूलमध्ये आहे अशा आवाजात. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य विचारतात, हा आंधळा जन्मला तो कुणाच्या पापामुळे, ह्याच्या की आईबापांच्या? येशू म्हणतो, ह्याच्याही नाही, आईबापांच्याही नाही. मी तेवढं उत्तर दिलं. आई पुन्हा भांड्यांकडे गेली.

पण त्या माणसाचं बोलणं आत राहिलंच. विश्वास कमी पडतोय. कमी पडतच होता.

साखळी ११ मेला, मंगळवारी संध्याकाळी सहाला सुरू झाली. पहिल्या रात्री तीनला फोन वाजला, मी उठून गच्चीवर गेलो, वडगावात त्या वेळी एकही माग चालू नव्हता, इतकी शांतता मी तिथे जन्मल्यापासून ऐकली नव्हती. गुडघे टेकले. पाच मिनिटांत माझे शब्द संपले. वर्गात पंचेचाळीस मिनिटं न थांबता बोलणारा मराठीचा मास्तर मी, आणि देवापुढे पाच मिनिटं. उरलेली पंचवीस मिनिटं मी घड्याळाकडे बघितलं.

सकाळी पाळकसाहेबांना खरं सांगितलं. त्यांनी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचायला सांगितलं. “शेवटी उजेड येईल म्हणून वाट बघू नको, त्यात येत नाही.” मी वाचलं. खरंच येत नाही. रात्रंदिवस ओरडतोय, तू तोंड का लपवतोस, माझे सोबती तू दूर केलेस, आणि काळोखात येऊन संपतं. मला आजवर ठाऊक होतं ते तेविसावं, मेंढपाळाचं, जे मयतीला आणि वार्षिक संमेलनात दोन्हीकडे चालतं. दीडशे स्तोत्रांत अशी रडगाणी, भांडणं, जाब विचारणं किती आहे ते मी त्या आठवड्यात पहिल्यांदा पाहिलं. “हे परमेश्वरा, कोठवर?” हे माझ्या हातात आलेलं पहिलं वाक्य, जे म्हणताना मी सोंग करत नव्हतो.

मग अर्ध्या तासाला हळूहळू आकार आला. आधी काही न बोलता बसायचं. मग एक स्तोत्र, मोठ्याने, कारण मनात वाचलं की मन पळतं. मग वहीतली नावं. ताईने आधी फक्त पप्पांचं नाव लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी काकांनी काकूंचं घालायला सांगितलं, तिसऱ्या दिवशी निपाणीच्या आत्याने शेजारच्या विडी वळणाऱ्या बाईंचं, खानापूरच्या मामेभावाने एका शिक्षकाचं. नावं वाढत सव्वीसवर गेली. त्यात हिंदू होते, दोन मुसलमान होते. आकडे बघत बसण्यापेक्षा नावं घेणं बरं वाटायचं. एकेका नावाला एक श्वास, असं काहीतरी माझं मीच ठरवलं होतं, कारण त्या दिवसांत श्वास सोडून दुसरं काही डोक्यात नसायचं. शेवटी प्रभूची प्रार्थना, आणि साडेतीनला निपाणीला आत्याला मिस कॉल.

प्रभूच्या प्रार्थनेत मी एक लबाडी करत होतो. “जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो” हे वाक्य गिळायचो. तुझ्या इच्छेप्रमाणे म्हणजे काय, ती इच्छा पप्पांना न्यायची असली तर? “तुझे राज्य येवो” वरून थेट “आमची रोजची भाकर आज आम्हांस दे” वर उडी. भाकरीच्या जागीही मनात ऑक्सिजनच असायचा, तोही रोजचा रोज मागावा लागत होता, उद्याचा कुणी देत नव्हतं. पाचव्या-सहाव्या रात्री गेथशेमाने बागेचा, येशूला धरून नेलं त्या रात्रीचा उतारा वाचला. तिथे येशू आधी मागतो. हा प्याला माझ्यावरून टळून जावो, हे आधी. मग तुझ्या इच्छेप्रमाणे. आणि मत्तयाप्रमाणे तीनदा तेच. त्याचे जवळचे तिघे शिष्य मात्र झोपलेले. त्या रात्री मी गिळलेलं वाक्य म्हटलं. आवडून नव्हे. निदान रांग तरी कळली, आधी मागायचं, मग ते.

झोपलेल्या शिष्यांवरून आठवलं, पुढच्याच रात्री मी झोपलो. दिवसभर फुटपाथ, रात्री ऑनलाइन वर्गाच्या वह्या तपासणं, डोळा लागला तो सहाला उघडला. फोनवर काकांचे तीन मिस कॉल. २:५९, ३:०२, ३:०५. साखळी तुटली, माझ्यामुळे, आता पप्पांना काही झालं तर, अशी भीती वाटली की पाय गार पडले. शिकलेला माणूस मी, पण भीती शिकलेली नसते. आत्याला फोन लावला. ती म्हणाली, “मला साडेतीनला आलावता की कॉल. काकांनी दिला. तुझा अर्धा तास त्यांनीच धरला.”

प्रार्थना फक्त वहीतल्या लोकांचीच चालली होती असं नाही. कॅम्पात आमच्या ओळखीच्या एक कॅथलिक बाई आहेत, फातिमा कॅथेड्रलला जाणाऱ्या. मे हा त्यांच्याकडे मारियेचा महिना. त्या रोज संध्याकाळी पप्पांसाठी जपमाळ म्हणायच्या, त्रेपन्न वेळा नमो मारिया. आमच्या प्रॉटेस्टंट घरात माळ चालत नाही आणि आजी असती तर तिने नाक मुरडलं असतं, पण आईने त्यांना फक्त विचारलं, “किती वाजता म्हणता?” आणि त्या वेळेला ती पदर घेऊन गप्प बसू लागली. शेजारच्या, ज्यांचे चार माग आहेत त्या वहिनींनी देवापुढे अखंड दिवा ठेवला होता. “आमचं आम्ही बघतो, तुमचं तुम्ही बघा, भाऊजी,” त्या कुंपणावरून म्हणाल्या, “कुणाचं का लागेना.” ह्यावर धर्मशास्त्रात काय म्हणतात ते पाळकसाहेबांना विचारायचं मी मुद्दाम टाळलं.

१९ मे, बुधवार. रात्री अकराच्या सुमारास काकू गेल्या. मला मामेभावाकडून कळलं, मी काकांना फोन करायला धजलो नाही. पहाटे होणार होतं ते ठरलेलं होतं, पीपीई किट घातलेले चौघे, ख्रिस्ती दफनभूमी, घरच्यांपैकी दोघेच, लांबून. मी गच्चीवर जाऊन बसलो. तीनला कॉल येणार नाही, आपणच सुरू करू असं ठरवून फोन उलटा ठेवला होता. तीनला तो दोनदा वाजला आणि बंद झाला.

मी स्तोत्र वाचलं नाही. नावं घेताना काकूंच्या नावाशी थांबलो. त्यांचं नाव आता घ्यायचं की नाही? आम्ही प्रॉटेस्टंट मृतांसाठी प्रार्थना करत नाही, लहानपणापासून तसं शिकवलेलं. मी नाव घेतलं. कशासाठी ते सांगता येणार नाही, पण गाळता आलं नाही. पौल रोमकरांस लिहितो की कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला ठाऊक नसतं तेव्हा आत्मा स्वतः कण्हून आपल्यासाठी मध्यस्थी करतो. कण्हणं हा शब्द तिथे आहे ह्याचं मला त्या पहाटे फार बरं वाटलं. आत पालथे झोपलेले सगळे तेच करत होते.

शनिवारी पप्पांचा ऑक्सिजन थोडा कमी केला. २३ मेला पेंटेकॉस्टचा, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याचा रविवार, पाळकसाहेबांची मोबाइलवरची उपासना, चित्र दोनदा अडकलं. पवित्र आत्म्यासाठी जुन्या करारात जो हिब्रू शब्द आहे, रूआख, त्याचा अर्थ वाराही होतो आणि श्वासही, एवढंच ते म्हणाले, पुढे काही बोललेच नाहीत. सगळ्या घरांत कुणी ना कुणी श्वास मोजत होतं, सांगायचं काय त्यांनी.

२९ मेला पप्पा घरी आले. चौदा किलो उतरलेले, सोबत भाड्याचं ऑक्सिजनचं यंत्र, रात्रभर घरघरणारं. साखळी त्याच संध्याकाळी थांबवता आली असती, पण वहीत अजून नावं होती. ती जूनच्या मध्यापर्यंत चालली. सव्वीसपैकी एकोणीसजण घरी आले, सात नाही.

५ जुलैपासून देवळं, चर्च, मशिदी उघडायला परवानगी मिळाली. ११ तारखेच्या रविवारी मराठी उपासनेत साक्ष द्यायला पाळकसाहेबांनी पप्पांना आणि मला सांगितलं. साक्षीचा साचा ठरलेला असतो. मी अडचणीत होतो, मी गुडघे टेकले, प्रभूने ऐकलं, त्याच्या नावाची स्तुती असो. लहानपणापासून शेकडो ऐकल्यात. आदल्या रात्री लिहायला बसलो आणि प्रत्येक वाक्यापुढे तिसऱ्या बाकावर खिडकीशी काका दिसू लागले. प्रभूने माझं ऐकलं. काकांचं? त्यांचा अर्धा तास माझ्या अर्ध्या तासाला चिकटूनच होता, शब्दही माझ्यापेक्षा बरे असणार. “परलोकदल्लिरुव नम्म तंदेये” म्हणून ते सुरुवात करायचे, ती कानडी प्रार्थना मी चपला काढायच्या जागेवरून वर्षानुवर्षं ऐकलेली आहे. मी चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. देवाचे आभार मानायचे नव्हते असं नाही. पप्पा बाजूच्या खोलीत खोकत होते आणि तो खोकला मला जगातल्या कुठल्याही आवाजापेक्षा गोड लागत होता. पण आभार मोठ्याने मानले की ते काकांच्या कानावर पडणार होते.

रविवारी काका खरंच मराठी उपासनेला आले, कानडी सोडून. तिसरा बाक, खिडकी. एकेका बाकावर दोघेच बसवले होते.

मी कागद नेला नाही, ताईची वही नेली. पुढे गेलो आणि सव्वीस नावं वाचली, वहीत ज्या क्रमाने आली त्या क्रमाने. कोण राहिलं, कोण गेलं ते सांगितलं नाही. काकूंचं नाव दुसऱ्या क्रमांकावर होतं. पप्पा शेजारी खुर्चीवर बसले होते, शेवटचं नाव झाल्यावर ते उठले, त्यांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली, दम लागून मध्येच थांबले, तेव्हा लोकांनी ती पुढे नेली. आम्ही खाली येऊन बसलो. मंडळीतले एक वडीलधारे नंतर मला म्हणाले, “मास्तर, ही साक्ष नाही झाली, हजेरी झाली.” ते खरंच होतं, त्यामुळे मी वाद घातला नाही.

आईच्या पिशवीत एक डबा होता. दवाखान्यातल्या आदलाबदलीत आमच्याकडे आलेला, स्टीलचा, दोन पुडांचा. चिकटपट्टीवर काकूंचं नाव, बेड १४. आईने तो दीड महिना घासून ठेवला होता, पट्टी मात्र काढवली नव्हती तिला, पाण्याने अक्षरं फिकी झाली तरी. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हणून तिने त्यात कुंदा भरला होता.

काकांनी पायरीवर उभं राहून डबा घेतला. पट्टीवरून अंगठा फिरवला. झाकण उघडून पाहिलं.

“हिला कुंदा आवडत नव्हता,” ते आईला म्हणाले. “लई गोड म्हणायची. मला आवडतो.”

आई पप्पांना धरून रिक्षाकडे गेली. मी थांबलो. त्या रात्रीचं विचारावं की नाही हे दोन महिने घोळत होतं, विचारलं. काका, त्या दिवशीही तुम्ही तीनला मिस कॉल दिलात.

“तुझी पाळी होती की,” काका म्हणाले. “नाही दिला तर तू झोपणार. दोन-तीन दिवस आधी झोपलावतासच.”

त्यांनी डबा स्कूटरच्या डिकीत आडवा ठेवला, मग विचार बदलून बाहेर काढला आणि पायांमध्ये उभा करून धरला.